बिनवासाचा, कॉस्टिक सोड्याचा साधा साबण नाजूक त्वचेला चालेल का?

प्रश्न असा आहे: सुगंधी साबणाने हात लाल होतात, आंघोळीनंतर पोटऱ्यांना खाज सुटते. म्हणून रंग-वास नसलेला, नुसतं तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा साधा साबण वापरून बघायचा आहे, पण कॉस्टिक सोड्याचं नाव ऐकलं की हात मागे येतो. आणि चालणार असेल, तर तीच वडी अंगाला, तोंडाला, कपड्यांना, भांड्यांना वापरता येईल का? घरी करता येईल का?

मी असे साबण करून विकतो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. ते ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. माझं उत्तर असं की वापरून जरूर बघा, पण त्याला औषध समजू नका. साधा साबण बऱ्याच जणांना मानवतो तो त्यात काय काय नाही यामुळे. सुगंध नाही, रंग नाही, आणि त्रास झालाच तर संशय घ्यायला फारसं काही उरत नाही. पण शेवटी साबण तो साबणच. तो अल्कधर्मी असतो, त्वचेला ते फारसं रुचत नाही, आणि वास काढून टाकल्याने त्याचा हा स्वभाव बदलत नाही.

आधी कॉस्टिक सोड्याची भीती. खरा साबण म्हणावी अशी कुठलीही वडी क्षाराशिवाय, म्हणजे तीव्र अल्कलीशिवाय होत नाही. कडक वडीसाठी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा. मऊ किंवा पातळ साबणासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. क्षारामुळे तेलाचा रेणू फुटतो, त्यातल्या मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. या सगळ्यात क्षार खर्ची पडतो. सुगंधी वडीच्या वेष्टनावर ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम कोकोएट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तो मालही याच वाटेने आलेला असतो. फक्त तिथे कच्च्या मालाऐवजी तयार साबणाचं नाव छापलेलं असतं. वितळवून साच्यात ओतायचे जे तयार बेस ‘लाय-फ्री’ (क्षाराविना) म्हणून खपवले जातात, त्यांतला साबणही कुणीतरी आधी क्षार घालूनच केलेला असतो. तुम्ही फक्त तो टप्पा पाहिलेला नसतो.

जुन्या घरगुती साबणाची ‘कातडी सोलणारा’ अशी जी बदनामी झाली, तिला मात्र कारण होतं. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून क्षार काढायचा, त्याची ताकद राखेगणिक वेगळी, आणि साबणात किती क्षार शिल्लक राहिला हे सगळं अंदाजपंचे. निकोलस लेब्लांक या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७९१ मध्ये मिठापासून धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, पुढे मिशेल शेव्ह्रल या दुसऱ्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने तेल-चरबी नेमकी कशाची बनलेली असते हे उलगडलं, आणि साबण मापात बसला. आज कुठल्या तेलाला किती सोडा लागतो याचे तक्ते मिळतात. १ ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्ह तेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८.

यावरून हिशेब कसा करतात ते बघा, म्हणजे भीती आपोआप कमी होईल. ७०० ग्रॅम ऑलिव्ह, २५० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल, असं किलोभर तेल घेतलं तर त्याचा पुरता साबण व्हायला जवळपास १४७ ग्रॅम सोडा लागतो. मी १३८ ग्रॅमच घालतो. म्हणजे सहाएक टक्के तेल मुद्दाम साबण न होता तसंच राहतं. याला आम्ही सुपरफॅट म्हणतो. वजनात थोडं इकडेतिकडे झालं तरी सोडा मोकळा राहू नये, हा त्याचा पहिला उपयोग. वडी जरा सौम्य होते, हा दुसरा. साच्यातल्या मिश्रणात दोनएक दिवसांत बहुतेक सगळी क्रिया उरकलेली असते. तरीही कापलेल्या वड्या चार ते सहा आठवडे मांडणीवर वाऱ्याला ठेवायच्या. पाणी उडून जातं, वडी टणक होते, फेस सुधारतो आणि ती लवकर विरघळत नाही. ऑलिव्ह जास्त असेल तर आणखी काही महिने ठेवली तरी चांगलंच. पण ‘मुरवलं की सोडा मरतो’ हे ऐकाल त्यावर विसंबू नका. माप चुकून जास्त पडलेला सोडा नुसतं ठेवून दिल्याने भरवशाने जात नाही.

विकत घेताना करणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: सुपरफॅट किती ठेवलं आणि वडी कधी ओतली. ज्याला यांपैकी एकही सांगता येत नाही, त्याच्याकडून नाजूक त्वचेसाठी साबण घेऊ नये. घरी आणल्यावर वडी सुरीने मधोमध कापा. आत सगळीकडे एकसारखी, मेणासारखी चमक दिसली पाहिजे. पांढरे कडक खडे किंवा पाझरणारे खळगे दिसले तर ती वडी बाद. वरच्या पृष्ठभागावर पिठासारखी पांढरी भुकटी असेल तर घाबरू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेला तो सोडियम कार्बोनेट असतो, पाण्याखाली पुसला की जातो. आमच्यातली जुनी परीक्षा जिभेची: ओलं बोट वडीवर चोळायचं आणि जिभेच्या टोकाला जेमतेम टेकवायचं. साबणाची बेचव लागली तर ठीक. बॅटरीची टोकं जिभेला लावल्यासारखा चटका बसला तर सोडा मोकळा आहे. पीएचच्या कागदी पट्ट्या बरेच जण वापरतात, पण साबणावर त्या नीट रंग दाखवत नाहीत, म्हणून मी त्यांच्या भरवशावर वडी पास करत नाही.

आता मूळ मुद्दा. उत्तम जमलेल्या साबणाचाही पीएच साधारण ९ ते १०.५ असतो. त्वचेचा पृष्ठभाग ४.५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबण लावला की तो वर जातो आणि पूर्ववत व्हायला काही तास लागतात. धडधाकट त्वचा हे रोज निभावून नेते. पण जिचा संरक्षक थर आधीच कमकुवत आहे, उदाहरणार्थ इसब असलेली त्वचा, तिला ते जड जातं. पीएच वाढला की वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवणारे दुवे तोडणारी विकरं (एन्झाइम्स) जोर धरतात, आणि त्वचेचा स्वतःचा मेद तयार करणारी विकरं मंदावतात. परिणाम तुम्हाला ओळखीचा असेल: आंघोळीनंतर ओढल्यासारखं वाटणं, पापुद्रे, खाज.

मग लिंबू किंवा व्हिनेगर घालून साबणाचा पीएच ५.५ वर का आणत नाहीत, असं विचारतात. कारण तसं केलं तर साबण उरतच नाही. आम्ल पडलं की साबण फुटून परत मेदाम्लं सुटी होतात आणि हाताला तेलकट चोथा लागतो. ‘त्वचेच्या पीएचचा’ म्हणून जी वडी मिळते ती सिंडेट, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या फेसकारकांची असते; बहुधा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हे त्यातलं मुख्य. ती कृत्रिम म्हणून वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. इसब भडकलेलं असेल, भेगा पडल्या असतील, लस येत असेल, तर माझ्या वडीपेक्षा बिनवासाचा सिंडेट बार कधीही बरा. अशा गिऱ्हाइकाला मी साबण विकत नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा म्हणतो.

दोन साध्या साबणांतही सौम्यपणा सारखा नसतो. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर, निम्म्याच्या आसपास. त्याचा साबण झटकन फेसाळतो, तेलकटपणा सपाट करतो आणि त्वचेलाही तितकाच कोरडा करतो. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल जास्त. त्याचा साबण सौम्य, पण फेस कमी आणि जरा बुळबुळीत. म्हणून नाजूक त्वचेसाठी खोबरेलाचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, आणि ज्यांची त्वचा फारच कोरडी आहे त्यांना मी १५ टक्केच घालून देतो. फेसावरून साबणाची प्रत ठरवायची सवय आपल्याला जडलेली आहे. नाजूक त्वचेच्या बाबतीत ती मोडावी लागते.

वासाबद्दल एक सावधगिरी. वेष्टनावर ‘अनसेंटेड’ असलं म्हणजे आत सुगंधी द्रव्य नाहीच असं नाही. कच्च्या मालाचा वास दडपायलाही कधी कधी थोडं घातलेलं असतं. म्हणून घटकांची यादी वाचा, त्यात ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ नको. आणि ‘नैसर्गिक’ सुगंधी तेलांना यातून सूट देऊ नका. लॅव्हेंडरमधलं लिनलूल, संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलातलं लिमोनिन, ही हवेशी संयोग पावून अशी संयुगं बनवतात की जी ॲलर्जीची ओळखीची कारणं आहेत. टी ट्री तेलाचंही तेच. ओट, मध, दूध, माती घातलेल्या वड्या वाईट नसतात, पण पहिल्या प्रयोगाला नकोत. पुरळ आलं तर कशाने आलं ते कळणार नाही. साध्या वडीची एक जमेची बाजू सहसा कुणी सांगत नाही: ती कोरडी आणि अल्कधर्मी असल्याने तिला परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागत नाही. पातळ हँडवॉशमध्ये ते लागतंच, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखं परिरक्षक हे हातांच्या ॲलर्जीचं ओळखीचं कारण आहे. हात फक्त हँडवॉशनेच लाल होत असतील तर वासाइतकाच याच्यावरही संशय घ्या.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. साबण, शाम्पू आणि क्रीम एकाच दिवशी बदलून नंतर ‘नवा साबण लागला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, नेहमीसारखा फेस लावून धुवून टाका. एक-दोन आठवडे हे करा. पट्टी बांधून साबण त्वचेवर ठेवू नका. तसा दाबून ठेवलेला साबण कुणाचीही त्वचा लाल करेल, त्यातून काही सिद्ध होत नाही. धुतल्यावर अर्ध्या तासात ओढल्यासारखं झालं आणि तेल-क्रीम लावून शमलं, तर तो कोरडेपणा. साबण कमी वापरा किंवा जास्त सौम्य घ्या. एक-दोन दिवसांनी खाजरे पुरळ उठले आणि साबण लागला त्याच्या पलीकडेही पसरू लागले तर ॲलर्जीची शक्यता जास्त. तेव्हा घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडून पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे हे शोधणारी त्वचेची चाचणी, करून घ्या.

वापरण्याची पद्धत साबणाइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या अनुभवात जास्तच. अंगभर साबण चोळायची रोज गरज नसते. काखा, जांघा, पाय आणि जिथे खरंच मळ आहे तिथे लावा. पोटऱ्या, पाठ, हातांचे दंड यांना पाणी पुरतं. तुमची खाज पोटऱ्यांवर आहे, तर आठवडाभर तिथे साबण लावणं बंद करून बघा, वडी बदलायच्याही आधी. पाणी कोमट हवं. कढत पाणीही त्वचेचा मेद ओढून नेतं. वडी थेट अंगावर घासण्यापेक्षा तळहातावर फेस करून लावावा. अंग टिपून घ्यायचं आणि ते ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावायची.

लाल हात घेऊन कुणी आलं की मी आधी अंगठी काढायला सांगतो. बऱ्याचदा अंगठीखालची पट्टी सगळ्यात जास्त चिडलेली असते आणि अंगठीच्या आतल्या कडेला पांढरट चिकटा बसलेला असतो. तो वाळलेला साबण. दिवसभर घाम-पाण्याने ओला होत तो त्वचेला लागून राहतो. बोटांच्या बेचक्यांतही तेच होतं. हात धुताना अंगठी उतरवा, साबण जितका वेळ लावलात त्याहून जास्त वेळ पाण्याखाली हात धरा, आणि बेचक्या कोरड्या करा. (अंगठीखालीच नेमकं पुरळ येत असेल तर निकेलचीही ॲलर्जी असू शकते, हे आपलं जाता जाता.)

तोंडाला दिवसातून एकदा, रात्री, चालत असेल तर चालू द्या. ओढल्यासारखं झालं तर बंद. डोळ्यांपासून लांब. गुप्तांगाच्या आत साबण अजिबात नको, बाहेरून पाणी पुरे. तान्ह्या बाळांना बहुतेक वेळा नुसतं पाणीच पुरतं. केसांना मी सुचवत नाही: अल्कधर्मी पाण्यात केसांचे खवले उघडतात, आणि जड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या) पाण्यात साबणाचा मेणचट थर केसांवर बसतो. व्हिनेगरच्या पाण्याने तो निघतो खरा, पण ज्याची टाळू आधीच चिडलेली आहे त्याने एवढा उपद्व्याप कशाला करावा.

तीच वडी कपड्यांना चालेल का? चालेल, पण चांगली चालणार नाही. अंगाच्या साबणात मुद्दाम ठेवलेलं तेल कपड्यांत साठत जातं, टॉवेल पाणी टिपेनासे होतात आणि काही धुण्यांनंतर जुनाट वास येतो. कपड्यांसाठी मी निव्वळ खोबरेल तेलाची, सुपरफॅट शून्य ते एक टक्का ठेवून वेगळी वडी करतो. ती अंगाला लावली तर त्वचा दिवसभर तडतडेल.

कपड्यांचा खरा वैरी म्हणजे जड पाणी. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा न विरघळणारा चोथा होतो, तो धाग्यांत अडकतो, पांढरे कपडे राखाडी होतात आणि कडक पडतात. शिवाय हाच चोथा आणि उरलेला साबण कॉलर आणि कमरेच्या पट्ट्यापाशी त्वचेला टोचत राहतो, म्हणजे ज्यासाठी सुगंधी पावडर सोडली तोच त्रास मागच्या दाराने परत. उपाय असा: पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवा, मग किसून गरम पाण्यात विरघळवलेला साबण घाला. सोडा-साबणात हात घालताना हातमोजे हवेतच, तो सोडाही चांगलाच अल्कधर्मी असतो. पाणी बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत खळबळा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालायला हरकत नाही, पण साबण निघून गेल्यावरच. आणि ब्लीचबरोबर कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. रेशीम आणि लोकर यांना हा साबण नकोच, क्षाराने ते धागे खराब होतात. वॉशिंग मशीनमध्येही मी घालत नाही, कारण तोच चोथा ड्रमच्या मागे आणि नळ्यांत साचतो. मशीनसाठी बिनवासाचं डिटर्जंट घ्या आणि जास्तीचं एक रिन्स लावा, नाजूक त्वचेला तेच जास्त सोयीचं पडतं.

भांड्यांना कपड्यांचीच वडी वापरा. तेलकटपणा छान निघतो, फक्त काचेवर जड पाण्यात धूसर डाग राहतात.

घरी करायचा असेल तर करा, पण लहान मुलं आणि पाळीव प्राणी घरात फिरत असताना नाही. चष्मा डोळे पूर्ण झाकणारा हवा, हातमोजे आणि लांब बाह्या हव्यात, खिडकी उघडी हवी. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा हवा. वाट्या-चमच्यांच्या मापाने साबण करू नये. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. उलट केलं तर ते उकळून अंगावर उडू शकतं. नीट केलं तरी द्रावण ८०–९० अंशांपर्यंत तापतं. ॲल्युमिनियमचं भांडं पूर्ण वर्ज्य, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलीप्रॉपिलीन घ्या. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली १५–२० मिनिटं धरा, व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुणं सुरू ठेवूनच दवाखाना गाठा. आणि सोड्याचा डबा घट्ट बंद ठेवा: उघडा राहिला तर तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, मग वजन केलं तरी त्यात सोडा नेमका किती आहे ते कळत नाही.

वडी पाणी निथळेल अशा जाळीवर ठेवा. ग्लिसरीन सगळं तिच्यातच असल्याने साचलेल्या पाण्यात ती लगेच लगदा होते. मोठी वडी अर्धी कापून एकच तुकडा बाहेर काढला तर जास्त दिवस जाते. खूप महिने पडून राहिलेल्या वडीवर नारिंगी ठिपके दिसले आणि खवट वास आला, तर आतलं मोकळं तेल खराब झालेलं आहे. ती फेकू नका, फडकी आणि पायपुसणी धुवायला घ्या. अंगाला मात्र नको.